सुलटे आटे की उलटे

फ्रान्समधील दिजाँ येथील ज्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात मी नोकरी करतो, तेथे गेल्या मार्चमध्ये विद्यापीठात शिकणारी एक तरुणी गडद निळ्या रंगाची जुनी सायकल घेऊन आली. घरातील अडगळीचे सामान लोक रस्त्यावर मांडून विकतात, तशा एका रविवारच्या बाजारात तिने ती चाळीस युरोंना घेतली होती. भिंतीला द्यावा तसा रंग कोणी तरी ब्रशने फासला होता, त्याखाली नाव नाही, चिन्ह नाही, आणि पॅडल मारले की बॉटममधून, म्हणजे क्रँकचा आस ज्या नळीत फिरतो तेथून, खडखड आवाज येत होता. रोज वर्गाला नेता यावी एवढीच तिची अपेक्षा होती. सायकल कोणती, याची तिला फारशी उत्सुकता नव्हती. मला मात्र ते कळल्याशिवाय पाना लावता येणार नव्हता.

डाव्या बाजूचा कप, म्हणजे छर्रे धरणारी आट्यांची वाटी, काढला तेव्हा छर्रे गंजलेले आणि अ‍ॅक्सल खड्डे पडलेला दिसला, आणि उजव्या बाजूच्या फिक्स कपचीही तीच गत होती. तो बदलणे भाग होते. डाव्या कपचा व्यास 35 मिलिमीटर आणि आट्यांमधील अंतर 1 मिलिमीटर भरले, म्हणजे सायकल इंग्रजी पद्धतीची नव्हे एवढे ठरले. परंतु हे माप फ्रेंच आणि स्विस या दोन्ही पद्धतींत एकच असते. फरक असतो तो उजव्या कपमध्ये. फ्रेंच पद्धतीत उजवीकडचे आटेही सुलटे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळणारे, असतात, स्विस पद्धतीत ते उलटे असतात. वर्षानुवर्षे गंजून बसलेल्या कपला चुकीच्या दिशेने जोर लावला, तर तो आणखी आवळला जातो, पाना धरण्याच्या कडा झिजतात, आणि बॉटमचे आटे गेले की फ्रेमच गेल्यासारखी होते. कारखान्याने अशा कपवर दिशेचे आद्याक्षर उठवलेले असते, पण येथे गंजाने ते खाऊन टाकले होते. मी पुण्यात मामांच्या दुकानात हे काम शिकलो. तेथे येणाऱ्या इंग्रजी धाटणीच्या सायकलींचा उजवा कप उलट्या आट्यांचाच असे, त्यामुळे माझा हात आजही सवयीने त्या दिशेला वळतो. म्हणूनच पाना खाली ठेवला आणि आधी सायकल ओळखायचे ठरवले.

सत्तरच्या दशकात फ्रेंच कंपन्यांपैकी मोतोबेकानने आपल्या अनेक सायकलींना स्विस आटे दिले होते, तर त्याआधीच्या प्यूजो आणि जितान सायकलींना सहसा फ्रेंच आटे असत. त्यामुळे कोणाची आणि केव्हाची, हे दोन्ही प्रश्न एकत्रच सोडवावे लागणार होते.

प्रथम सीटची दांडी बाहेर काढून व्हर्नियर लावला. दांडी 26.4 मिलिमीटर भरली आणि ती ज्या नळीत बसते ती बाहेरून 28. याचा अर्थ नळीची भिंत जेमतेम पाऊण मिलिमीटरची, आणि हे जाड नळ्यांच्या स्वस्त सायकलीचे लक्षण नव्हे. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीच्या 531 नळ्या फ्रेंच मापात अशाच भरतात. वरची नळी 26 मिलिमीटरची निघाली. इंग्रजी मापाची असती तर ती 25.4 भरली असती. नंतर नळ्यांच्या सांध्यांवरून नख फिरवले, तेव्हा जाड रंगाखाली नेर्व्हेक्स प्रोफेशनल लगची, म्हणजे सांध्यावरच्या धातूच्या आवरणाची, नागमोडी नक्षी हाताला लागली. मागच्या चाकाच्या खाचेशी गिअर बदलणारा डिरेलर अडकवण्याचे जे भोक होते, त्याला आटेच नव्हते. ही सिंप्लेक्सची पद्धत, आणि सिंप्लेक्स ही कंपनी याच दिजाँ शहरातली. ल्युसियाँ जुई यांनी ती येथे उभी केली. त्या बिनआट्याच्या भोकात बोट घातल्यावर मला झालेला आनंद मी लपवला नाही. इतक्या पुराव्यांनंतर मोतोबेकानची शक्यता बरीच मागे पडली, तरी प्यूजो की जितान हे ठरत नव्हते, कारण दोघांच्याही शर्यतीच्या सायकलींत या वस्तू सापडतात.

क्रँक स्ट्राँगलाइट 93 होती. ती ओढून काढणाऱ्या पुलरचे आटे नेहमीच्या 22 मिलिमीटरऐवजी 23.35 मिलिमीटरचे असतात, आणि साधा पुलर लावून ते ओरबाडलेल्या कितीतरी क्रँक मी पाहिल्या आहेत. ही सुदैवाने वाचली होती.

वयाच्या बाबतीत मात्र मागच्या चाकाने मला काही काळ फसवले. मायार कंपनीच्या हबवर तारखेचा शिक्का होता आणि त्यातील वर्षाचे आकडे 79 होते. 1979 खरे मानले, तर आट्यांचा प्रश्न पुन्हा उघडा पडत होता, कारण फ्रेंच आट्यांचा भरवसा त्याआधीच्याच सायकलींचा होता. चाक काढताच मागचा चिमटा दोन्ही बाजूंनी आत आला, तेव्हा उलगडा झाला: हब सहा चकत्यांच्या फ्रीव्हीलचा, 126 मिलिमीटर रुंदीचा होता, आणि फ्रेम मुळात पाच चकत्यांसाठी, 120 मिलिमीटरची घडवलेली होती. म्हणजे हे चाक नंतर कोणी तरी ताणून बसवले होते, आणि त्याची तारीख फ्रेमला लागू होत नव्हती.

आता रंगाखाली पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. सायकलच्या मालकिणीला फोन करून परवानगी घेतली आणि स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने एका लगवरचा निळा थर हळूहळू पुसू लागलो. तळहाताएवढ्या जागेला तासभर लागला. खाली पांढरी नळी आणि काळा लग दिसला. सीटच्या नळीवर आणखी थोडे पुसल्यावर काळ्यापांढऱ्या चौकड्यांच्या पट्ट्याचा तुकडा वर आला. प्यूजोच्या संघाच्या जर्सीवर हा पट्टा 1963 पासून आला. बेर्नार तेवेने यांनी 1975 मध्ये तूर द फ्रान्स जिंकली ती याच संघाकडून. पांढऱ्या नळ्या, काळे नेर्व्हेक्स लग, 531 आणि सिंप्लेक्सच्या खाचा असा मेळ प्यूजोच्या पीएक्स-10 या शर्यतीच्या सायकलीशीच जुळतो. सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर हे नक्षीदार लग मागे पडले. त्यामुळे फ्रेम 1963 नंतरची आणि 1975 च्या आधीची आहे, हे मी खात्रीने सांगू शकत होतो.

मग आटे सुलटे. कपमधून जाड बोल्ट आरपार घालून वॉशर आणि नटाने पाना कपवर घट्ट आवळला, भेदक तेल रात्रभर मुरू दिले, आणि सकाळी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने दांडा दाबला. पहिल्या दोन प्रयत्नांत काहीच हलले नाही, आणि त्या मिनिटभरात दिशा बदलून पाहण्याचा मोह मी कसाबसा आवरला. तिसऱ्या वेळी कडकन आवाज होऊन कप सुटला. आटे शाबूत होते.

संध्याकाळी तरुणी आली तेव्हा तिला नेमके एकच वर्ष हवे होते. बॉटमखाली क्रमांक आहे, पण केवळ त्यावरून वर्ष ठरवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही, हे मी तिला समजावून सांगितले. तिने निळा रंग तसाच ठेवायचे ठरवले. मागचे चाक मात्र 120 मिलिमीटरचे मिळेपर्यंत मी शोधतो आहे. फ्रेमवर बांधलेल्या चिठ्ठीत, पुढे जो कोणी ही सायकल उघडेल त्याच्यासाठी, मी फ्रेंचमध्ये एवढेच लिहिले: प्यूजो पीएक्स-10, 1963 ते 1975 च्या दरम्यान, मागचे चाक 1979 चे, पॅडलचे आटे 14 गुणिले 1.25, इंग्रजी पॅडल घालू नये. उजवा कप, सुलटे आटे.