टप्प्यावरची भेट

आबांच्या दहाव्याला कावळा शिवला नाही. दीड तास आम्ही घाटावर उन्हात बसून होतो. भावकीतला एकेक जण पिंडापुढं हात जोडून बोलत होता, नातवाचं शिक्षण पुरं करू, देवळाचं राहिलेलं काम करू. मी म्हटलं, "आबा, तुमची वारी चुकू देणार नाही." कावळे बाभळीवरून हलले नाहीत. मागून चुलती हळूच म्हणाली, "अक्काचं नाव घे की रे." मी घेतलं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. आबा गेल्याचा निरोप मी तिला उशिरा धाडला. ती पोचली तेव्हा चिता पेटली होती. उंबऱ्याला पाय न लावता ती तशीच माघारी गेली. हे लिहिताना हात जड होतो, पण केलं ते मीच.

ज्येष्ठात आळंदी गाठली. आबांचीच दिंडी, गळ्यात त्यांचेच टाळ. टाळांची दोरी त्यांच्या घामानं काळी पडलेली. पहिले दिवस पायांच्या फोडांत गेले. दिवेघाट चढून सासवडला आलो. माउलींचा मुक्काम तिथं असतानाच सोपानकाकांची पालखी सासवडहून निघते. माउली जेजुरी, लोणंद, फलटणच्या वाटेनं जातात, सोपानकाका बारामती, अकलूजकडून. दोघं पुन्हा भेटतात ते भंडीशेगावच्या अलीकडं, टप्पा म्हणतात त्या जागी. ती पालखी वाटेला लावून परतताना दिंडीतल्या एक मावशी सहज म्हणाल्या, "आता या भावांची भेट टप्प्यावर. यंदा अक्का येईल ना रं?"

"कोण अक्का?"

"तुझी बहीण की. दरसाल येती. तिच्या हातची भाकर खाल्ल्याबिगर आबा टप्पा सोडायचे न्हाईत."

साऱ्या दिंडीला ठाऊक होतं. वारीहून आले की आबा बुक्का, चुरमुरे आणि शेंगदाण्याच्या लाडवांची पुरचुंडी काढायचे. पंढरपूरचे म्हणून आम्ही घरभर वाटून खायचो. ते अक्काचे लाडू होते.

भांडण जमिनीचं. दुकानाच्या कर्जापायी मला शेत विकायचं होतं. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीलाही जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे, त्यामुळं घेणारा तिच्या हक्कसोडीवर अडून बसला. आबा माझ्यासमोर म्हणाले होते, "माझी काय हरकत?" अक्कानं सही दिली नाही. तिला जमिनीचा हव्यास सुटलाय, असं मी चार माणसांत म्हटलं. सौदा मोडला. दुकान पुढं बंदच पडलं, आणि आज आम्ही खातो ते त्याच शेताचं.

मावशी दोघांच्या शेजारी बसून जेवायच्या, त्यामुळं त्यांनी सगळं ऐकलेलं. सही करू नको, असं आबांनीच अक्काला सांगितलं होतं. मला नाही म्हणायची त्यांची छाती झाली नाही. "माझ्यापायी तू वाईट झालीस, असं म्हणून दरसाल डोळ्याला धोतराचा सोगा लावायचे," मावशी म्हणाल्या. त्या रात्री मला आबांचा फार राग आला. मेलेल्या बापावर रागावून चालायला लागलं की पावलं वेगळीच पडतात. जेजुरीपर्यंत मी कुणाशी बोललो नाही.

पुढच्या एका मुक्कामी समाजआरतीला उभा होतो. पालखीभोवती दिंड्या जमतात, हजारो टाळ एकदम चाललेले असतात. चोपदार चोप उंच करतात आणि सगळं शांत होतं, इतकं की पताकांची फडफड ऐकू यावी. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिकडं जातात, गाऱ्हाणं ऐकून निवाडा करतात, तेव्हा तो टाळ थांबतो. त्या दिवशी डाव्या अंगाला एक दिंडी वाजवत होती. मी नुसता ऐकत राहिलो. अकरा वर्षं अक्काचा टाळ असाच वाजत होता आणि विचारायला मी एकदाही गेलो नाही.

तिला फोन करावा असं फलटणला वाटलं, नातेपुत्यातही वाटलं. धीर झाला नाही. आबाच नाहीत, तर ती येईल कशाला?

वेळापूर सोडलं, ठाकूरबुवांच्या समाधीजवळचं रिंगण झालं, तोंडले-बोंडले मागं पडलं. टप्प्यावर दोन्ही रथ शेजारी शेजारी आले. मानाचे नारळ दिले-घेतले गेले आणि माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडायला लागली. मी नारळ पाहिला नाही. गर्दीच्या कडेला, लिंबाखाली, अक्का उभी होती. केस पांढरे झालेले. हातात फडक्यात बांधलेली भाकरी.

तिची नजर आधी टाळांवर गेली, मग माझ्यावर. मी पाया पडलो. वारीत समोरचाही वाकतो, तशी तीही वाकली आणि आमची डोकी एकमेकांवर आपटली. लहानपणी डोकं आपटलं की शिंग येतं म्हणून आम्ही मुद्दाम दुसऱ्यांदा आपटायचो. तिनं माझं डोकं धरलं आणि पुन्हा एकदा हळूच टेकवलं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. फडकं सोडता सोडता तिनं विचारलं, "कावळा शिवला का रे?"

"नाही."

"काय काय बोललात?"

"सगळं बोललो. चुलती तुझं नाव घे म्हणत होती. मी घेतलं नाही, अक्का."

तिनं ठेचा भाकरीवर बोटानं सारखा केला. भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली, अर्धी स्वतः घेतली. पुढं रथ हलला, दिंडी उठली. आबांचे टाळ मी गळ्यातून काढून तिच्या गळ्यात घातले. चपला हातात घेऊन ती भंडीशेगावपर्यंत माझ्या पुढं चालत आली.