दानाची भिशी: अमेरिकेतून सीमाभागात पैसे पाठवताना

इथे अमेरिकेत ज्याला 'गिव्हिंग सर्कल' म्हणतात, ते बेळगाव-खानापूरच्या बायकांना समजावून सांगावं लागणार नाही. ती भिशीच आहे. फक्त इथे नंबर सभासदाचा लागत नाही, बाहेरच्या एखाद्या कामाचा लागतो. वीस जणींनी महिन्याला ५० डॉलर काढले की वर्षाला १२,००० डॉलर जमतात. अर्ज मागवायचे, सगळ्यांनी वाचायचे, मग मतदान. आपल्या सोयीनं कुणी जास्त घातले तरी मत एकच.

अशा मंडळाचे पैसे बहुधा एखाद्या कम्युनिटी फाउंडेशनकडे, म्हणजे अनेकांच्या देणग्या सांभाळणाऱ्या स्थानिक संस्थेकडे, ठेवतात. असं पहिलं फाउंडेशन १९१४ मध्ये क्लीव्हलँडला निघालं. नोंदणी, हिशोब, कराची पावती ते सांभाळतं.

पण हाच पैसा निपाणीच्या किंवा अथणीच्या संस्थेला द्यायचा झाला की बरेच जण अडकतात. पैसा अमेरिकन फाउंडेशनच्या खात्यातून निघाला की तो परकीय देणगी ठरतो, मग सगळ्या सभासदांकडे भारतीय पासपोर्ट असला तरीही. तो घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या भारतीय कायद्याखालची नोंदणी हवी. २०२० च्या दुरुस्तीपासून असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, त्यातला २० टक्क्यांपर्यंतच कारभारावर खर्च करता येतो आणि एका संस्थेला तो दुसरीकडे वळवता येत नाही. म्हणजे बेळगावातल्या मोठ्या ट्रस्टला देऊन खानापूरच्या छोट्या मंडळाला पोचवू, हा मार्ग बंद आहे.

भारतीय नागरिकानं स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत थेट दिलेली देणगी मात्र परकीय धरत नाहीत. ओसीआय कार्डवाल्यांची, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांची, धरतात. त्यामुळे आधी मंडळातले पासपोर्ट बघा आणि त्याप्रमाणे दोन वाटा करा: भारतीय पासपोर्टवाल्यांनी थेट द्यावं, बाकीच्यांनी फाउंडेशनमार्फत. थेट देणाऱ्यांनी पासपोर्टची प्रत संस्थेला द्यावी, पुढे तपासणीत तीच कामी येते. अमेरिकेतली करसवलत मात्र या वाटेनं मिळत नाही.

पैसे कशाला द्यायचे? शिलाई मशीन हे सगळ्यांच्या आवडीचं दान, कारण त्याचा फोटो चांगला येतो. पण ज्या गल्लीत आधीच चार जणी ब्लाउज शिवतात तिथे पाचवं मशीन पोहोचलं की शिलाईचा दर पडतो. मशीनपेक्षा शाळेच्या गणवेशाची ऑर्डर, शाळा सुरू व्हायच्या आधी एप्रिलमध्येच कापड घेण्यापुरतं भांडवल आणि कापडाच्या कडा पक्क्या करणारं सामाईक ओव्हरलॉक मशीन यांनी जास्त फरक पडतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात बेळगाव जिल्हाही आहे. चपलेच्या कामात वेणी घालणाऱ्या बायका बहुधा घरातल्याच असतात आणि त्यांची मजुरी वेगळी मोजली जात नाही. ती त्यांच्या खात्यात जाईल, एवढी एक अट अनुदानाला घाला.

मुलींसाठी सुकन्या समृद्धी ही सरकारी बचत योजना चांगली, पण ती दात्याकडून शिस्त मागते. खातं मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं आणि १५ वर्षं भरावं लागतं, वर्षाला किमान २५० रुपये. चुकलं तर दर वर्षामागे ५० रुपये दंड. समारंभात पहिला हप्ता भरून निघून जायचं असेल तर ते खातं उघडूच नका. खेप एकदाचीच असेल तर दहावीनंतरचा बसपास, वसतिगृहाचा खर्च, नर्सिंगची फी असा थेट खर्च उचला.

अनुदान एक वर्षाचं नको, तीन वर्षांचं द्या. पहिलं वर्ष बायका जमवण्यात आणि कागदपत्रांतच जातं.

अर्ज मराठी आणि कन्नड, दोन्हींत घ्या. पासबुक मदत घेणाऱ्या बाईच्या नावावर आहे एवढ्यावर समाधान मानू नका, खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे ते पहिल्याच भेटीत विचारा. नवऱ्याचा असेल तर ओटीपी त्याच्याकडे जातो. नंबर बदलायला बहुधा तिला स्वतः बँकेच्या शाखेत जावं लागतं. बँकेचा अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर भरून द्यायला सोबत कुणी तरी हवं, आणि त्या माणसाचा प्रवासखर्च अनुदानातच धरा.