गप्प बसणारा सिनेमा

हल्ली वेबसिरीज बघताना घरातल्या एकाला रिमोट हातात धरूनच बसावं लागतं. पात्रं पुटपुटायला लागली की आवाज वाढवायचा, गाड्या उडायला लागल्या की शेजारी आठवून झटकन कमी करायचा. सगळं खापर नटांच्या उच्चारांवर फुटतं. थोडा दोष त्यांचा असतोही, पण बराचसा मिक्सिंगचा, म्हणजे संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज एकत्र बसवण्याच्या कामाचा. 5.1 मिक्समध्ये (पाच स्पीकर आणि बाससाठी एक वूफर धरून केलेल्या) संवादांसाठी जवळजवळ स्वतंत्र असा मधला स्पीकर धरलेला असतो. आपल्या टीव्हीला स्पीकर दोनच, तेही भिंतीकडे नाहीतर जमिनीकडे तोंड करून. त्यात नेटफ्लिक्स संवादांची सरासरी पातळी उणे 27 एलकेएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) आसपास मागतं आणि स्फोटाबिफोटाला उणे 2 डेसिबलपर्यंत जायची मुभा देतं. मोठ्या हॉलमध्ये ही दरी सुखाची असते, वन बीएचकेत तिच्यावरून भांडणं होतात. ऑडिओच्या यादीत स्टिरिओचा, म्हणजे दोन स्पीकरांसाठीचा, पर्याय असेल तर तो निवडावा. साउंडबार घ्यायचाच असेल तर मधला स्पीकर असलेला, म्हणजे निदान 3.1 घ्यावा. नुसता बास धडधडणारा घेतला तर पुटपुट तशीच राहते.

रोजच्या मालिकांना ही अडचण कधीच आली नाही, कारण त्या कानांनी बघण्यासाठीच बनतात. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की उरतात साधारण 22 मिनिटं, आणि तेवढ्या वेळात समोरच्या माणसाची नजर तव्यावर असते. म्हणून पात्रं दिसणाऱ्या गोष्टीही बोलून दाखवतात : ‘आई, तुम्ही? या वेळी? आणि हातात हे पत्र?’ पाठोपाठ तीन चेहरे, तीनदा ढॅण. याला नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा डोळे मिटून भाग ऐकावा. काही चुकत नाही. रोखठोक व्यवहार आहे तो. खरी चीड येते ती ‘गंभीर’ म्हणवणाऱ्या सिरीजची. प्रेक्षक फोनमध्ये मान घालून बसणार हे गृहीत धरून तिथेही प्रत्येक भावनेखाली व्हायोलिनं घातलेली असतात, फक्त महागडी.

आणि कधी कधी ती व्हायोलिनं भोकं बुजवायला आलेली असतात. सीन संपला की साउंड रेकॉर्डिस्ट सगळ्या युनिटला अर्धा-एक मिनिट गप्प उभं करतो आणि त्या जागेचा नुसता असण्याचा आवाज टिपतो. त्याला रूम टोन म्हणतात. संकलनात दोन वाक्यांमधली कुणाची खोकल्याची उबळ कापली की तिथे बधिर शून्य उरतं. ती जागा रूम टोनने भरायची असते. चहा आलाय, लोकेशन सोडायचंय, म्हणून तेवढं राहून गेलं तर कट डोळ्यांआधी कानांना कळतो.

रोहन कानवडेच्या ‘साबर बोंडं’ या मराठी सिनेमात पार्श्वसंगीत नाही. 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात त्याला जागतिक कथापटांचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला तरुण आणि त्याचा बालपणीचा मित्र, एवढा जीव. दोघांमधलं न बोललेलं सगळं अंगणातल्या आणि रानातल्या आवाजांत ठेवलेलं आहे. असा सिनेमा घरी बघताना टीव्हीचा नाइट मोड बंद ठेवावा. तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर उचलतो. मग रातकिडे माणसांच्या बरोबरीने बोलायला लागतात. चैतन्य ताम्हाणेच्या ‘द डिसायपल’मध्ये रात्रीच्या रिकाम्या मुंबईत मोटारसायकल संथ चालते आणि वर माईंचं, म्हणजे गाणं शिकणाऱ्या नायकाच्या गुरूंच्या गुरूंचं, बोलणं ऐकू येतं. आवाज सुमित्रा भावेंचा. ते बोलणं चित्राचं स्पष्टीकरण देत नाही, उलट त्या पोराच्या मानेवर बसतं.

माहितीपटांत नेमकी हीच शिस्त सुटत चालली आहे. गुन्ह्यांवरच्या सिरीज बघा : वरून ड्रोन, अंधारात पाठमोरा माणूस, गरगरणारी कॅसेट, खाली घुमणारा खर्ज. दीड तासाचा ऐवज चार भागांत ताणलेला, आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला मागच्याची उजळणी. पाच मिनिटं आवाज पूर्ण बंद करून बघावं. खुर्चीतली माणसं आणि ड्रोन एवढंच हाती लागलं, तर ऐवज पॉडकास्टचा होता.

शौनक सेनचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ (2022) या परीक्षेत सहज पास होतो. सुरुवातीलाच रात्रीची दिल्ली, कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकलेला, उंदरांची झुंबड आणि मागे वाहनांचे दिवे. विषय वजिराबादच्या दोन भावांचा, जे जखमी घारींवर उपचार करतात. भावांचं बोलणं अधूनमधून येतं, पण हवेच्या प्रदूषणावर आकडे सांगणारा तज्ज्ञ खुर्ची ओढून बसत नाही. शिवाय घारी मुलाखत देत नाहीत, त्यामुळे कॅमेऱ्याला बघत बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.