समासातली पेन्सिल

दुपारी ताईच्या न्यू जर्सीच्या घरात फक्त फ्रिज बोलतो. ताई वरच्या खोलीत दार लावून मीटिंगमध्ये, दाजी ऑफिसात, भाचा शाळेत आणि मी डायनिंग टेबलाशी चहा घेऊन. इथले मग एवढे मोठे की आपला नेहमीचा चहा ओतला तर कुणीतरी अर्धा पिऊन ठेवल्यासारखा दिसतो. तो मग टेकवायला जागा करताना खाकऱ्याच्या डब्याखाली एक पुस्तक सापडलं. कोपरे दुमडलेले, पाठीला चिकटपट्टी, वर ज्वाळांचं चित्र. रे ब्रॅडबरीची ‘फॅरनहाइट ४५१’. भाच्याला नववीला आहे. आज त्याच पुस्तकावर तास होता, आणि बस पकडायच्या घाईत पुस्तक तेवढं घरी राहिलं. बाकी चार्जर, पाण्याची बाटली, सगळं गेलं होतं.

खरं सांगायचं तर मी ते उघडलं ते कादंबरी वाचायला नव्हे. मला जुन्या पुस्तकाची आतली पानं बघायची खोड आहे. कुणाचं नाव, कुणाला भेट, कुठल्या दुकानाचा शिक्का. इथे पुस्तक शाळेचं असतं, वर्षाअखेरीस परत द्यायचं. आतल्या बाजूला छापील तक्ता: विद्यार्थ्याचं नाव, वर्ष, आणि हाती आलं तेव्हाची पुस्तकाची अवस्था. अकरा नावं होती. पहिल्यापुढे ‘नवीन’, मग ओळीनं ‘उत्तम’, ‘उत्तम’, मग ‘बरी’, आणि आठव्या इब्लिस कार्ट्यानं लिहिलं होतं, ‘थोडी करपलेली’.

गोष्ट ज्यांना ठाऊक आहे ते हसले असतील. या कादंबरीतले अग्निशामक आग विझवत नाहीत, लावतात. कुणाच्या घरात पुस्तकं आहेत अशी खबर लागली की बंब येतो, आणि त्याच्या नळातून पाणी नाही, रॉकेल येतं. त्या आठव्या मुलासाठी मी खुर्ची खिडकीकडे ओढली आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले.

पण वाचणार कशी? पानोपानी आधीच कुणीतरी बसलेलं. शाळेच्या पुस्तकात लिहायचं नाही असा नियम असणारच, आणि अकरा मुलांतल्या निदान सहा-सात जणांनी तो मोडलेला होता. बहुतेक पेन्सिलीनं, एकानं जांभळ्या जेलपेननं. पहिल्याच परिच्छेदाशेजारी ‘कंटाळा’. दुसऱ्या पानावर कुणीतरी उपमा मोजून त्यांना आकडे घातले होते, एक ते सात, आणि खाली: ‘बास करा, काका.’ त्याच्या खाली वेगळ्या, लहानखुऱ्या अक्षरात: ‘पण चौथी भारी आहे.’ मी चौथी परत वाचली. भारी होती.

मग ती क्लॅरिस. सतरा वर्षांची शेजारची मुलगी, पावसात तोंड वर करून चालणारी, नायकाला ‘तुम्ही सुखी आहात का’ असं भलतंच काहीतरी विचारणारी. आपला जीव तिच्यात गुंततो न गुंततो तोच ती पुस्तकातून नाहीशी होते. गाडीखाली आली असावी, असं कुणीतरी कुणालातरी सांगतं, संपलं. त्या जागी समासात नुसती लढाई. ‘का???’ असं जांभळं. शेजारी पेन्सिल: ‘हिचं पुढे काय करायचं ते लेखकाला सुचलं नाही.’ त्याला बाण काढून तिसरा: ‘अरे, कुणाला पत्ताच लागत नाही, तेच तर सांगायचंय.’ आणि चौथा, बहुतेक शेवटच्या बाकावरचा: ‘बरं झालं.’ ही चारही मुलं वेगवेगळ्या वर्षांतली. एकमेकांना त्यांनी पाहिलेलंही नसणार.

आम्ही लहानपणी याहून वाईट होतो. ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, त्यामुळे जून उजाडला की तिची पुस्तकं माझ्याकडे यायची. साताऱ्यात आमच्या वर्गात निम्म्या मुलांची पुस्तकं अशीच, नाहीतर अर्ध्या किमतीत आणलेली. नव्या पुस्तकाचा वास मला माहीत नाही असं नाही, पण तो दुसऱ्यांच्या दप्तराला यायचा. मी आईबरोबर बसून खाकी कव्हरं घालायची, आणि आत ताईच. ताई बॉलपेननं लिहायची! धड्याच्या नावाशेजारी ‘व्ही. आय. एम. पी.’, संदर्भासह स्पष्टीकरणाला येणाऱ्या ओळीखाली दोन रेघा, थोर पुरुषांना गॉगल. आणि ते ठरलेलं: ‘पान ४० बघ.’ चाळिसाव्यावर ‘पान १२ बघ’, बारावर ‘पान ९७ बघ’, सत्त्याण्णववर ‘गाढवा, अभ्यास कर’. मला माहीत असायचं. तरी मी दर वर्षी चारही पानं उघडायची.

नववीच्या कुमारभारतीत एका कवितेशेजारी ताईनं लिहिलं होतं, ‘इथे रडू येतं.’ मला काही केल्या येईना. मी ती कविता गच्चीत वाचली, पांघरुणात वाचली, एकदा उपाशीपोटीसुद्धा वाचली. रडू नाही ते नाहीच. आपल्यात काहीतरी कमी आहे असं मला वर्षभर वाटत राहिलं. कविता आता आठवत नाही. ते तीन शब्द मात्र ताईच्या अक्षरासकट आठवतात.

आणि आमचं वाचनालय! महिना दोन रुपये वर्गणी आणि काउंटरवर सतत तपकीर ओढणारे काका. तिथल्या रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर कुणीतरी पुण्यात्म्यानं ‘खून मामाने केला आहे’ असं लिहून ठेवलेलं असायचं. सामाजिक कादंबऱ्यांच्या शेवटी तर अभिप्रायांचं पंचायत राज: ‘छान.’ ‘अतिशय रटाळ.’ ‘छान म्हणणाऱ्याची कीव येते.’ ‘लेखिकेने स्वयंपाक करावा’, आणि त्याखाली ठसठशीत बायकी अक्षरात, ‘तुमच्या आईने शिकवले नाही का?’ मी कथा संपवायच्या आधी मागे जाऊन हे वाचून यायची. अजूनही एखादं पुस्तक समास कोरे असलेलं मिळालं की जेवायला घरात एकटंच बसावं तसं वाटतं.

स्वतः मात्र मी पुस्तकात लिहित नाही. पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करायच्या घरातली मी. मी नखानं खूण करते. ओळीशेजारी नखाची उभी रेघ. उजेडाकडे तिरपं धरलं तरच दिसते, आणि काय म्हणायचं होतं ते नंतर मलाही कळत नाही.

असो. चहा गार झाला. मी पन्नासेक पानं पुढे गेले होते. आता कॅप्टन बीटी, अग्निशामकांचा साहेब, लांबलचक भाषण देत होता: पुस्तकं आधी सरकारनं नाही बंद केली, लोकांनीच वाचायचं सोडलं. पुस्तकानं याचं मन दुखतं, त्याचं मन दुखतं, मग कशाला ठेवा? भाषणभर अधोरेखितं. एकानं लिहिलं होतं, ‘याचंच बरोबर आहे.’ बाकीच्यांनी त्याला धू धू धुतला होता. पण तो एकटा नव्हता. पुढच्या पानावर, अगदी फिकट पेन्सिलीत, ‘मला पण वाटतं, पण वर्गात बोलायचं नाही.’

गंमत म्हणजे ब्रॅडबरीचं स्वतःचंही आपल्या वाचकांशी पटलं नाही. जग या १९५३ च्या कादंबरीला सरकारी बंदीविरुद्धची कादंबरी म्हणून डोक्यावर घेतं, आणि हा गृहस्थ सत्त्याऐंशीच्या घरात असतानाही सांगत होता की बाबांनो, ती सरकारबद्दल नाही, टीव्हीबद्दल आहे. कुणी ऐकलं नाही. तो पुस्तकाचा मालक खरा, पण समासात त्याचीही एकच पेन्सिल.

आणि ही मूळ लिहिली कुठे, तर लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, ग्रंथालयाच्या तळघरात. तिथे भाड्याचे टाइपरायटर होते, दहा सेंटचं नाणं टाकलं की अर्धा तास चालायचे. पहिल्या खर्ड्याला नऊ डॉलर ऐंशी सेंट लागले. मी लगेच हिशेब केला: अठ्ठ्याण्णव नाणी, एकोणपन्नास तास. खिशात चिल्लर खुळखुळवत पुस्तकं जाळण्याची गोष्ट लिहिणारा माणूस, आणि डोक्यावर मजलेच्या मजले पुस्तकं. नायकाचं नाव माँटॅग, त्याला मदत करणारा म्हातारा प्राध्यापक फेबर. पुष्कळ वर्षांनी लेखकाच्याच लक्षात आलं की माँटॅग ही कागदाची कंपनी आणि फेबर पेन्सिलींची. कंपासपेटीतली फेबर-कॅसल आठवली का? त्यानं म्हणे हे ठरवून केलं नव्हतं.

पण खरा कहर पुढेच. १९६७ मध्ये प्रकाशकानं शाळांसाठी हिची वेगळी आवृत्ती काढली, आणि लेखकाला न विचारता पंचाहत्तर ठिकाणी हात फिरवला. शिव्या गेल्या, ‘गर्भपात’ शब्द गेला. दारुड्या होता, तो आजारी माणूस झाला. कुणी बेंबीतला मळ काढत होतं, त्याला कान कोरायला लावलं. पुढे १९७३ पासून सहा वर्षं बाजारात सगळ्यांनाच ही सोवळी प्रत विकली जात होती. ब्रॅडबरीला ते विद्यार्थ्यांच्या पत्रांवरून कळलं आणि १९८० मध्ये मूळ मजकूर परत आला. पुस्तकं जाळू नका म्हणणाऱ्या पुस्तकाला कात्री! नववीची मुलं निदान पेन्सिलीनं लिहितात, अक्षर दिसतं, खोडता येतं. त्या आवृत्तीच्या वाचकाला बेंबी होती हेच कळायचं नाही.

साडेतीनला मी माँटॅगच्या बायकोपाशी होते. मिल्ड्रेड. तीन भिंती भरून टीव्ही, चौथ्या भिंतीचा हट्ट. कानात सदोदित शिंपल्याएवढे रेडिओ, नवरा शेजारी झोपलेला असताना सुद्धा. झोपेच्या गोळ्यांची बाटली रिकामी करते आणि सकाळी म्हणते, छे, मी असं कशाला करीन? मला तिचा राग येत होता, येतोच. त्याच पानावर, खालच्या कोपऱ्यात, खोडून परत लिहिल्यासारखं काहीतरी होतं. मी चष्मा वर करून पुस्तक खिडकीशी धरलं.

‘ही माझी आई आहे.’

आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात, कुठल्यातरी दुसऱ्या वर्षीचं: ‘माझीपण.’

एवढं एकच पान असं, जिथे कुणी विनोद केला नव्हता. मी तिथे नखानं एक रेघ ओढली आणि पुस्तक मिटलं.

भाचा आला. बॅग फेकली, पुस्तक दिसल्यावर कपाळाला हात लावला. मी विचारलं, कसं वाटलं तुला? म्हणाला, “मावशी, ठीक आहे गं. आठ पायांचा तो यांत्रिक कुत्रा कूल आहे. बाकी, लोक वाचत नाहीत हे सांगायला एवढं वाचायला लावतात.” तू काय लिहिलंस यात? तो दचकला. “लिहिलं तर दंड पडतो!” त्याचं मत रंगीत चिकटचिठ्ठ्यांवर होतं, पिवळ्या, गुलाबी. जूनमध्ये पुस्तक परत देताना काढून टाकणार. म्हणजे अकरावा वाचक होऊन गेला हे बाराव्याला कळणारही नाही. मी काही बोलले नाही. नियम मोड असं भाच्याला मावशीनं कसं सांगायचं?

दाजींचं म्हणणं, सिनेमा आहे ना त्याच्यावर, दोन तासांत काम होतं. कॅप्टन बीटी खूश झाला असता. ताई म्हणाली, असलं काळंकुट्टं मुलांना कशाला देतात, आम्हाला कशा छान कविता होत्या. मी म्हटलं, तुला रडू यायचं ती कुठली गं? तिला आठवेना. कुमारभारतीत काही लिहिल्याचंच आठवेना. “मी? पुस्तकात? चल!”

रात्री ती पोळ्या भाजत होती, मी लाटत होते. तिला शेवट सांगितला: शहराबाहेर रुळांच्या कडेनं राहणारी माणसं, प्रत्येकानं एकेक पुस्तक पाठ केलेलं. पुस्तकं जळाली तरी माणूस आहे तोवर पुस्तक आहे. गॅस बारीक करून ताई म्हणाली, “म्हणजे आपली आजी.”

आजीला अक्षरओळख नव्हती. हरिपाठ अख्खा पाठ, आणि जात्यावरच्या ओव्या किती ते तिलाही ठाऊक नसावं. पहाटे अंथरुणात पडल्यापडल्या आम्ही दोघी ऐकायचो, उठायचं नाही म्हणून डोळे मिटून. हरिपाठ कुठल्याही दुकानात मिळतो. ओव्या तिच्याबरोबर गेल्या. लिहून घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही, ती तर रोजच म्हणायची.

“ती गं, भाऊ न्यायला येतो ती,” ताई म्हणाली. पहिली ओळ तिला आली. दुसरीचे तीन शब्द मला आले, आणि पुढे नुसता सूर. आम्ही दोघींनी तो दोन-तीनदा गुणगुणून पाहिला, शब्द सापडतील म्हणून थोडा वेगात, मग थोडा संथ. भाच्यानं एका कानातला शिंपला काढून विचारलं, काय झालं?

तेवढ्यात तव्यावरची पोळी करपली.