अगं, तिथे कुठे एवढं ऊन असतं?

परवा मावशीचा फोन आला होता. तिला माझ्या आजाराचं नाव अजून पाठ नाही, "ते तुझं लुप्पस की काय" असं म्हणते, चालतं मला. (खरं नाव ल्युपस, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार.) तर म्हणाली, अगं तिथे कुठे एवढं ऊन असतं, सहा महिने तर तुम्ही लोक स्वेटरात गुंडाळलेले असता, मग तुला उन्हाचा त्रास होतोच कसा? हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मला इतक्या जणांनी विचारलाय की म्हटलं एकदा लिहूनच टाकू, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवली की काम झालं.

मी सप्टेंबर २०१६ मध्ये सांगलीहून इंग्लंडात लीड्सला आले. क्रिकेटमुळे हेडिंग्ले तुम्हाला माहिती असेल, त्याच बाजूला राहतो आम्ही. २०१७ च्या डिसेंबरात बसस्टॉपवर फोन बघायला म्हणून हातमोजा काढला तर उजव्या हाताची मधली दोन बोटं पांढरीफटक, गोरी वगैरे नाही, मेणबत्तीसारखी, मधल्या पेरापासून वर कुणी रेघ ओढावी तशी. चिमटा काढला तरी कळेना. बसमध्ये जरा ऊब मिळाल्यावर ती निळी पडली, मग लाल झाली आणि अशी ठणकायला लागली की बसचं कार्ड धरता येईना. याला रेनॉ म्हणतात, थंडीने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. बऱ्याच जणांना हे नुसतंच असतं, मागे काही आजार नसतो, म्हणून मी पण सोडून दिलं. सांगलीत असते तर कदाचित ते कळलंही नसतं, आपल्याकडे एवढी थंडी आहे कुठे.

मग २०१८ चा उन्हाळा आला. तो इथे भलताच कडक होता, आठवडेच्या आठवडे पाऊस नाही, हिरव्यागार इंग्लंडचं गवत पिवळं पडलेलं, आणि इथले लोक ऊन दिसलं की जे मिळेल ते गवत बघून आडवे होतात. आम्ही पण दर रविवारी राउंडहे पार्कात. सगळे सनस्क्रीन फासत होते आणि मी म्हणत होते आम्ही सांगलीकर, आम्हाला काय ऊन नवीन आहे का? (हे वाक्य आठवलं की अजून स्वतःच्या डोक्यात टपली मारावीशी वाटते.) सप्टेंबरपर्यंत रोज संध्याकाळी बारीक ताप, सकाळी उठल्यावर बोटं इतकी आखडलेली की ब्रशवर पेस्ट काढायला नवरा लागायचा, कंगव्यात केसांचे पुंजके, तोंडात टाळूला फोड, आणि दोन्ही गालांवर काळपट डाग.

आता या डागांचंच सांगते, कारण इथेच माझे चार महिने गेले. पुस्तकात ल्युपसचा फोटो असतो तो गोऱ्या बाईचा, नाकावरून दोन्ही गालांवर लालभडक फुलपाखरू. आपल्या रंगावर ते लाल दिसतच नाही, जांभळट-तपकिरी दिसतं. व्हिडिओ कॉलवर बघून आई म्हणाली वांग आलेत, मसूर डाळ दुधात वाटून लाव. लावली पण मी, पंधरा दिवस. इथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा व्हायरल सांगितलं, दुसऱ्यांदा स्ट्रेस, तिसऱ्यांदा व्हिटॅमिन डी कमी आहे म्हणाले (ते होतंच, इथे आपल्यापैकी कुणाचं नसतं?) आणि चेहऱ्याकडे बघून पिगमेंटेशन. दर वेळी दहा मिनिटं, दर वेळी वेगळा डॉक्टर. कुणाला तरी एकाला ताप, सांधे, केस आणि गाल हे सगळं एकाच वेळी सांगायला मिळालं असतं तर, असं मला अजून वाटतं. पण मी पण दर वेळी एकच तक्रार घेऊन जात होते, कारण इथे एका अपॉइंटमेंटला एकच प्रॉब्लेम सांगायचा असं रिसेप्शनलाच ऐकवतात.

डिसेंबरात सुट्टीला घरी आले, आईने मला एअरपोर्टवर बघितलं आणि तिसऱ्या दिवशी मिरजेला नेलं. आमच्या भागात काहीही झालं की मिरज, ते तुम्हाला माहितीच आहे. तिथल्या डॉक्टरांनी आधी टाळू बघितली, मग मला खिडकीपाशी उभं केलं आणि नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जी घडी असते ना, तिच्यावरून बोट फिरवलं. म्हणाले बघा, गाल दोन्ही भरलेत, नाकावर पण आहे, पण ही घडी कोरी आहे. हे वांग नाही. मग रक्त, लघवी. एएनए पॉझिटिव्ह, ही स्वतःच्याच पेशींविरुद्धची अँटीबॉडी तर धडधाकट माणसातही सापडू शकते म्हणून त्यावर ते थांबले नाहीत, पण डबल स्ट्रँडेड डीएनए विरुद्धच्या अँटीबॉडीज भरपूर, सी३ आणि सी४ (आजार भडकला की रक्तात कमी होणारी दोन प्रोटीन्स) दोन्ही खाली, आणि लघवीतून प्रोटीन जात होतं. म्हणजे ल्युपस, आणि तो किडनीपर्यंत पोचला होता.

ती फाईल घेऊन परत आले आणि मग मात्र इथलं चक्र असं फिरलं की बघायलाच नको, मार्चमध्ये किडनीची बायोप्सी पण झाली. रिपोर्ट आला क्लास ४. घरी फोनवर सांगितलं, आईने एवढंच ऐकलं "चार" आणि फोन बाबांकडे दिला. तिला वाटलं फोर्थ स्टेज. कॅन्सरची स्टेज वेगळी, हा किडनीच्या ल्युपसचा क्लास वेगळा, किडनीतल्या गाळण्यांना कुठे आणि किती सूज आहे त्यावरून एक ते सहा नंबर देतात आणि त्यावरून औषध ठरतं. चार म्हणजे गंभीर आहे पण औषधाला दाद देणाराही आहे. हे समजवायला मला दोन दिवस लागले आणि आई त्या दोन दिवसांत दत्ताला नवस बोलून मोकळी झाली.

औषधं म्हणजे मायकोफेनोलेट, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि स्टेरॉइड, सगळी प्रतिकारशक्तीला आवरणारी. सुरुवातीला ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे तेच स्टेरॉइड, मला मिळायची ती पाचची गोळी लाल असायची, रोज सकाळी नाश्त्यानंतर आठ लाल गोळ्या तळहातावर. त्या गोळ्यांची भूक ज्याने अनुभवली नाही त्याला सांगून कळणार नाही. रात्री तीन वाजता टक्क जाग आणि पोटात आग. आईने भाजणी दिली होती, मी उठून थालीपीठ लावायचे, एकदा तव्यावर तेल जरा जास्त तापलं आणि स्मोक अलार्म बोंबलायला लागला, नवरा अंडरवेअरवर टॉवेल हलवत खुर्चीवर उभा, शेजारची बाई दारात, आणि मी कोपऱ्यात उभी राहून थालीपीठ खातेय कारण थांबताच येईना. चेहरा पुरणपोळीसारखा टम्म फुगला. तो फोटो फॅमिली ग्रुपवर गेला तर सगळ्यांच्या कमेंट, "तब्येत सुधारली गं!" आयुष्यातली सगळ्यात वाईट तब्येत होती ती.

स्टेरॉइडवरून आठवलं, निम्म्या नातेवाईकांनी सांगितलं ते आधी बंद कर. बाबांनो, असं एकदम बंद नाही करता येत. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं बनवायचं कमी करतं, आणि अचानक सोडलं तर बीपी पडून जीवावर बेतू शकतं. माझ्या पाकिटात त्याचं एक कार्ड असतं, बेशुद्ध पडले तर अँब्युलन्सवाल्यांना कळावं म्हणून. उतरवायला मला दीड वर्ष लागलं, आता पाचवर आहे.

औषधाचे पैसे पण विचारतात सगळे, तिथे फुकट असेल ना? डॉक्टर, बायोप्सी, तपासण्या यांचं वेगळं बिल येत नाही, खरंय. पण इंग्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शनवरच्या एकेका औषधाला ९.९० पाउंड पडतात. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये शून्य, म्हणजे तिकडे घर घेतलं असतं तर बरं झालं असतं. गंमत अशी की काही आजारांना सगळी औषधं माफ असतात, थायरॉइड कमी असणाऱ्याला सर्दीचं औषधसुद्धा माफ, ल्युपस मात्र त्या यादीत नाही. मग आम्ही वर्षाचा पास काढतो ११४.५० पाउंडांचा, त्यात कितीही औषधं. हे मला पहिले सात महिने कुणी सांगितलं नव्हतं, मेडिकलमधल्या काउंटरवरच्या पोरीने सांगितलं.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे नाव २०२० पर्यंत फक्त आम्हालाच माहिती होतं. मग मार्चमध्ये कोविड आला, मला घराबाहेर पडू नका म्हणून पत्र आलं आणि त्याच आठवड्यात ज्या काकांनी तोपर्यंत माझ्या आजाराची एकदाही चौकशी केली नव्हती त्यांचा फोन, "तुझ्याकडे ती गोळी असते ना?" पुण्यात माझी एक मैत्रीण आहे, तिलाही ल्युपस, तिला त्या दिवसांत एक स्ट्रिप मिळवायला दुकानं पालथी घालावी लागली. जूनमध्ये ऑक्सफर्डच्या रिकव्हरी ट्रायलने सांगितलं की हॉस्पिटलातल्या कोविड पेशंटना तिचा उपयोग होत नाही, आणि गोळी हळूहळू आमची आम्हाला परत मिळाली. ती मला वजनाच्या हिशेबाने, किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणून एक दिवस एक आणि एक दिवस दोन अशी आहे. जास्त झाली तर वर्षांनी डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे पाच वर्षं झाल्यापासून दर वर्षी पडद्याचा स्कॅन.

त्याच काळात गुळवेल आली. मावशीने कुरियरने पाठवली, "इम्युनिटी वाढते." मावशीला कसं सांगू की माझी इम्युनिटी कमी नाहीये, ती नको तिथे वाढलीये, घरच्यांनाच चावणाऱ्या कुत्र्यासारखी, आणि मी महिन्याला इतक्या गोळ्या खाते त्या तिला शांत ठेवायला. पुढे २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेल्या सहा पेशंटबद्दल लिहिलं, त्या सुजेची लक्षणं ऑटोइम्यून आजारासारखीच होती. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला. मी वादात पडत नाही, माझ्या ओट्यावर गुळवेल नाही एवढंच.

तर आता मावशीच्या उन्हाकडे. ऊन म्हणजे उकाडा नाही. त्रास देतात ते अतिनील किरण, आणि ते थंड हवेतही येतात, ढगातूनही बरेचसे येतात, आणि त्यातले यूव्हीए नावाचे तर खिडकीच्या काचेतूनही येतात. ते कातडीतल्या पेशी मारतात, मेलेल्या पेशीच्या आतला डीएनए बाहेर पडतो, आणि माझ्या रक्तात त्या डीएनएच्याच विरुद्ध अँटीबॉडीज दबा धरून बसलेल्या. म्हणून गाल भाजतो आणि आठवड्याने गुडघे सुजतात, नाहीतर लघवीत प्रोटीन वाढतं. डिसेंबरात इथे पावणेचारलाच अंधार, तेव्हा माझी चैन असते. पण जूनमध्ये पहाटे साडेचारला उजाडतं ते रात्री साडेनऊपर्यंत, हवा अशी गार की कळतच नाही आपण भाजतोय. सांगलीचं ऊन निदान थोबाडीत मारून सांगतं की आत जा.

त्यामुळे बाराही महिने एसपीएफ ५० चं सनस्क्रीन, दोन बोटं भरून, चेहऱ्यावर भस्म फासल्यासारखं दिसतं सुरुवातीला. ऑफिसात खिडकीची जागा सगळ्यांना हवी, मी ती सोडली तेव्हा एक जण म्हणाला भारतीय माणूस आणि उन्हाला घाबरतो? मी हसले. रोज रोज कुणाला डीएनए सांगत बसणार.

थकव्याचं लिहायचं होतं पण ते लिहायलाही कंटाळा येतो. एवढंच, झोप काढून तो जात नाही. आंघोळ करून आले की केस पुसायच्या आधी बेडवर दहा मिनिटं बसते, आणि त्या दहा मिनिटांत कुणी हाक मारली तर मला रडू येतं. बाकी दिवस ठीक.

आणि हो, "गोड बातमी कधी?" याचं उत्तर. मायकोफेनोलेट चालू असताना मूल नको, बाळात व्यंग येऊ शकतं. म्हणून गेल्या वर्षी ते हळूहळू थांबवून गरोदरपणात चालणारं अॅझाथायोप्रिन सुरू केलं, त्याच्या आधी शरीराला ते पचेल का म्हणून एका एन्झाइमची टेस्ट असते. निदान सहा महिने आजार शांत हवा म्हणतात, शिवाय अँटी-रो नावाची अँटीबॉडी आहे, ती असली तर बाळाच्या हृदयाचे ठोके गरोदरपणात बघावे लागतात. माझ्यात ती नाहीये. आमचे महिने मोजणं चालू आहे, तुम्ही मोजू नका.

२०२३ च्या मे मध्ये मामेभावाच्या लग्नाला आले होते, मुहूर्त ११:४०, लॉनवर. छत्री उघडली तर मागून कुणीतरी म्हणालं मॅडम लंडनच्या आहेत. मिटवली. अक्षता टाकून होईपर्यंत जेमतेम वीस मिनिटं, आणि चौथ्या दिवशी गाल, मनगटं, ताप, स्टेरॉइड परत वीसवर. आई त्या छत्रीवाल्याशी अजून बोलत नाही.

या डिसेंबरात परत येतेय, तीन आठवडे. काल कॉलवर आईने कॅमेरा गच्चीकडे फिरवला. तासगावच्या द्राक्षबागवाल्याकडून बाबा हिरवी शेडनेट घेऊन आलेत, चारी बाजूंना बांबू रोवलेत, खाली खुर्ची टाकलीय. दुकानदाराने विचारलं म्हणे किती टक्क्यांची देऊ, ५० का ७५? आईने ७५ सांगितली. मी म्हटलं ९० ची पण येते, बदलून मिळते का विचार.