पोस्ट गाजली, नाव गळलं

मराठी ब्लॉगवरची पोस्ट गाजते तेव्हा ती सहसा ब्लॉगवर गाजत नाही. कुणीतरी मजकूर उचलून कायप्पावर, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर, चिकटवतो, आणि आठवड्याभरात तो कुठल्यातरी दिवंगत लोकप्रिय लेखकाच्या नावाने मूळ लेखकाच्याच फॅमिली ग्रुपवर येऊन पडतो. 'नक्की वाचा, डोळ्यांत पाणी येईल' असं वर लिहिलेलं. ब्लॉगवर मात्र सामसूम. तेव्हा दोनशे-तीनशे नेमके वाचक असलेली, आपल्या नावाची छोटीशी प्रसिद्धी हवी असेल तर लिहिण्याइतकंच लक्ष ब्लॉगच्या पत्त्याकडे द्यावं लागतं.

सुरुवात ब्लॉगच्या नावापासून. 'मनातलं', 'शब्दगंध', 'सहज सुचलेलं' ही नावं छान आहेत, म्हणूनच ती डझनांनी आहेत. नाव ठरवण्याआधी ते अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा. पहिलं पान दुसऱ्यांनीच भरलं असेल तर ते नाव सोडा. ऐकून लक्षात राहील आणि रोमन लिपीत एकाच पद्धतीने लिहिता येईल असं नाव बरं. 'ज्ञ' किंवा 'ळ' असलेल्या नावाचं स्पेलिंग प्रत्येक जण वेगळं करतो.

मग पोस्टची लिंक. इथे मराठी ब्लॉगरांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि ते कळतही नाही. ब्लॉगस्पॉटवर मथळा देवनागरीत दिला की यंत्रणा ती अक्षरं टाकून देते आणि पत्त्यात नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' आणि एखादा आकडा उरतो. वर्डप्रेसची तऱ्हा उलटी. तिथे देवनागरी टिकते, पण प्रत्येक अक्षरचिन्ह युनिकोडमध्ये (संगणकावरच्या सर्व लिप्यांच्या सामाईक संकेतप्रणालीत) तीन बाइटचं, आणि पत्ता कॉपी केला की एकेका बाइटचे टक्क्याच्या चिन्हासकट तीन वर्ण होतात. म्हणजे एका चिन्हाचे ९ वर्ण. काना-मात्राही स्वतंत्र मोजल्या जातात, म्हणून 'मराठी' या एका शब्दाचे ४५. वर्डप्रेस या भागाला २०० वर्णांची जागा देतं, म्हणजे बाविसाव्या चिन्हानंतर मथळा तुटतो. शिवाय कायप्पावर ती टक्क्यांची लांबलचक माळ पाहून लोकांना व्हायरसची लिंक वाटते. दोन्हीकडे उपाय एकच: प्रकाशित करण्याआधी पर्मालिंक, म्हणजे पोस्टचा कायमचा पत्ता, हाताने, रोमन लिपीत, तीन-चार शब्दांची लिहा. ब्लॉगस्पॉटवर ती नंतर बदलायची तर पोस्ट पुन्हा मसुद्यात न्यावी लागते आणि जुनी लिंक मरते.

ब्लॉगस्पॉटवर पर्मालिंक लिहायच्या त्याच खिडकीत 'शोध वर्णन' असा रकाना असतो. दिसत नसेल तर मुख्य सेटिंगमध्ये तो आधी सुरू करावा लागतो. तिथे पोस्टची पहिली ओळ चिकटवू नका. वाचणारा गूगलमध्ये जे टाइप करेल त्या शब्दांत दोन वाक्यं लिहा.

दिवाळी अंकाला दिलेला लेख नंतर ब्लॉगवर टाकताना आणखी एक खड्डा आहे. डीटीपीवाल्याकडून आलेली फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर ब्लॉगवर नुसत्या चित्रविचित्र खुणा उमटतात. आधी कन्व्हर्टरमधून काढा, मग र्‍ह, र्‍य आणि रफार डोळ्यांनी तपासा, कारण हमखास तिथेच घाण होते. 'तऱ्हा'मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द. एक पद्धत धरा आणि तीच ठेवा.

आता चोरी. उजवं क्लिक बंद करणारा कोड लावू नका. चोराला स्क्रीनशॉट पुरतो, त्रास प्रामाणिक वाचकाला होतो. खाली '© सर्व हक्क सुरक्षित' लिहिण्याचाही उपयोग कमी, कारण शेवटची ओळच आधी कापली जाते. त्यापेक्षा ब्लॉगचं नाव मजकुराच्या पोटात, तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदातल्या वाक्यात असं विणा की ते काढलं तर वाक्य लंगडं होईल. कायप्पावर स्वतः पाठवताना पूर्ण लेख कधीच पाठवू नका. ऐन रंगात आलेल्या जागी तोडलेले शंभर-सव्वाशे शब्द आणि लिंक, एवढंच. पोस्ट टाकल्या दिवशीच आर्काइव्ह डॉट ऑर्गवर तिची प्रत जतन करा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. कॉपीराइटसाठी नोंदणी लागत नाही, १९५७ च्या कायद्यानुसार हक्क लिहिल्याक्षणी तयार होतो. दुसऱ्या ब्लॉगने ढापलं तर दोन्ही लिंका देऊन गूगलकडे तक्रार करता येते. कायप्पावरच्या ढकलपत्रापुढे मात्र हात टेकावे लागतात.

वाचक परत कसे आणायचे? अनेक ब्लॉगांच्या नव्या पोस्ट (म्हणजे फीड) एकाच जागी दाखवणारं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं आणि फीडवरून वाचायची सवय तिथेच मोडली. जुन्या ब्लॉगांच्या कडेला 'ईमेलने मिळवा' ही पेटी अजून दिसते; ती गूगलच्या फीडबर्नर सेवेची असेल तर २०२१ पासून तिच्यामागे कुणी नाही. ती काढून टाका. कायप्पाची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची होते, छोट्या प्रसिद्धीला अगदी मापाची. पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला नाही त्यांना निरोप पोचतच नाही, आणि पाठवणाऱ्याला तसं कळतही नाही. म्हणून वाचकाला आधी नंबर सेव्ह करायला सांगा.

ब्लॉगस्पॉटच्या पेजव्ह्यूंवर हुरळू नका, त्यात बॉटही असतात. स्वतःच्या भेटी न मोजण्याची सोय आधी चालू करा. खरं काय ते गूगलचं सर्च कन्सोल सांगतं; लोक काय शोधून ब्लॉगपर्यंत आले ते तिथे दिसतं. तिथे ब्लॉगचं नाव टाकून शोधणारे दिसू लागले की समजावं, नाव लक्षात राहतंय.

पैशांचं थोडक्यात: गूगलच्या जाहिरातींच्या अ‍ॅडसेन्समध्ये १० डॉलर जमले की घरचा पत्ता पडताळायला टपालाने पिन येतो, आणि १०० झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत. दोनशे वाचकांत त्याला वर्षं लागतात. तोवर डोमेनचं भाडं खिशातूनच.