गोल्फच्या मैदानावर माजी सैनिकांसाठी निधी: पैसा खरा कुठून येतो

अमेरिकेत मे ते ऑक्टोबर या काळात बहुतेक गोल्फ क्लबांच्या फाटकाशी एखादा तरी फलक लागलेला असतो: माजी सैनिकांच्या मदतीसाठी स्पर्धा, चौघांची टीम, जेवण क्लबवर. कोल्हापूरकरांना यात दोन प्रश्न पडतात. गोल्फसारख्या महागड्या नादाचा फौजेशी संबंध काय? आणि एका दिवसात दहा-बारा हजार डॉलर जमतात तरी कसे?

संबंध जुना आहे. वॉशिंग्टन राज्यात टकोमाजवळ माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयाच्या आवारातच अमेरिकन लेक नावाचं गोल्फ मैदान आहे. जखमी आणि अपंग सैनिकांना पुन्हा हातपाय हलवायला लावणं हाच त्याचा हेतू. काम पाहतात ते मुख्यतः स्वयंसेवक. तिथल्या नऊ होलांचा (होल म्हणजे बॉल घालायचा खड्डा आणि तिथवरचा खेळाचा पट्टा) आराखडा नामवंत गोल्फपटू जॅक निकलॉस यांनी एक पैसाही न घेता करून दिला. गोल्फ प्रशिक्षकांची संघटना, म्हणजे पीजीए ऑफ अमेरिका, 'होप' या उपक्रमात माजी सैनिकांना फुकट शिकवते. एफ-१६ विमानाचे वैमानिक डॅन रूनी यांनी २००७ मध्ये फोल्ड्स ऑफ ऑनर ही संस्था काढली. शहीद आणि जायबंदी सैनिकांच्या पत्नीला व मुलांना ती शिष्यवृत्ती देते. तिची पहिली कल्पना अगदी साधी होती: सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या लेबर डेच्या सुट्टीत प्रत्येक खेळाडूने मैदानाच्या फीवर एक डॉलर जादा द्यायचा.

गावपातळीवरच्या स्पर्धेची सुरुवात तारखेपासून होते आणि तारीख बहुधा सोमवारची निघते. खासगी क्लब सोमवारी सभासदांसाठी बंद असतात, त्यामुळे अख्खं मैदान एका समितीला मिळतं आणि दरही उतरतो. ११ नोव्हेंबरचा व्हेटरन्स डे, म्हणजे माजी सैनिकांचा दिवस, ऐकायला योग्य वाटतो, पण उत्तरेकडच्या राज्यांत तोवर दिवस लहान झालेला असतो आणि सकाळी गवतावर दंव गोठलेलं असतं. गोठलेल्या पात्यांवर पाय पडला की ती आतून मोडतात आणि काही दिवसांनी पावलांचे काळपट ठसे उमटतात. म्हणून दंव वितळेपर्यंत क्लब कुणालाही आत सोडत नाही. तासभर इथेच गेला की शेवटच्या टीमा अंधारात सापडतात. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारचा मेमोरियल डे धरणारे वेगळ्याच अडचणीत येतात. तो दिवस कामी आलेल्यांच्या स्मरणाचा असतो, जिवंत माजी सैनिकांच्या सत्काराचा नाही. त्या दिवशी 'हॅपी मेमोरियल डे' असा फलक लावला, तर फौजी घरांतली माणसं तोंडावर काही बोलत नाहीत, पण पुढच्या वर्षी येतही नाहीत.

खेळ 'स्क्रॅम्बल' पद्धतीने होतो. चौघांनी टोला मारायचा, त्यातला सर्वांत चांगला बॉल निवडायचा, बाकीच्यांनी आपापले बॉल उचलून तिथे आणायचे आणि पुढचा टोला चौघांनीही तिथूनच मारायचा. नवशिक्याचा बॉल झाडीत गेला तरी टीमचं काही बिघडत नाही, म्हणून वर्षातून एकदाच हातात काठी धरणारा दुकानदारही फी भरून येतो. एक नियम मात्र आधी छापून द्यावा: प्रत्येकाचा पहिला टोला निदान दोन होलांवर वापरलाच पाहिजे. नाहीतर टीममधला एकच पठ्ठ्या खेळतो आणि उरलेले तिघे मैदानावरच्या छोट्या गाडीत, म्हणजे कार्टमध्ये, बसून बिअर पितात.

सगळ्या टीमा एकाच वेळी वेगवेगळ्या होलांवरून सुरुवात करतात. अठरा होल, प्रत्येकावर दोन टीमा, म्हणजे ३६ टीमा आणि १४४ माणसं, हा हिशेब कागदावर सुंदर दिसतो. मैदानावर तो पार-३ च्या, म्हणजे तीन टोल्यांत संपवायच्या, छोट्या होलांवर अडकतो. पार-४ किंवा पार-५ वर पुढची टीम लांब गेली की मागच्यांना मारता येतं. पार-३ वर मात्र पुढचे ग्रीन, म्हणजे खड्ड्याभोवतीचं बारीक कापलेलं गवत, सोडेपर्यंत मागच्यांना थांबावंच लागतं. तिथे सुरुवातीलाच दोन टीमा ठेवल्या तर पहिल्या तासातच गाड्यांची रांग लागते. बहुतेक मैदानांवर चार पार-३ होल असतात. तिथे एकेकच टीम ठेवली की आकडा ३२ टीमा, १२८ माणसं असा येतो. समितीने तिथेच थांबावं. फीच्या लोभाने चार टीमा वाढवल्या तर साडेचार-पाच तासांचा खेळ सहा तासांवर जातो, जेवण निवतं, आणि जेवणानंतर वस्तूंच्या लिलावाची वेळ होईपर्यंत निम्मे लोक गाडीला किल्ली लावून निघालेले असतात. लिलावात बोली लावणारी माणसं नेमकी तीच.

आता पैसा. प्रवेश फीतूनच सगळं जमतं असं बाहेरच्याला वाटतं. समजा १०० खेळाडू आले आणि फी १२५ डॉलर ठेवली. १२,५०० आले. मैदान, कार्ट, सरावाचे बॉल आणि जेवण मिळून क्लब माणशी ८५ घेतो. उरले ४,०००. आता प्रत्येक होलवर एक पुरस्कर्ता: टीच्या, म्हणजे पहिला टोला मारायच्या जागेच्या, बाजूला दोन फुटी फलक, त्यावर गावातल्या गॅरेजचं, दंतवैद्याचं किंवा विमा एजंटाचं नाव. आपल्याकडे मंडळाच्या कमानीवर जाहिराती लागतात, तोच प्रकार. २०० डॉलरप्रमाणे १८ फलकांचे ३,६०० होतात. छपाईचे फलकामागे २० गेले तरी ३,२४० हातात राहतात. मुख्य पुरस्कर्त्याचे ३,०००. मलिगन, म्हणजे फसलेला टोला पुन्हा मारण्याची विकत घेतलेली मुभा: दहा डॉलरला एक, माणशी जास्तीत जास्त दोन. सगळ्यांनी घेतल्या तर २,०००. सोडतीची तिकिटं १,५००. बक्षिसं आणि विमा यांचे १,५५० वजा करा. लिलाव न धरता निव्वळ १२,१९० डॉलर, आणि त्यात प्रवेश फीचा वाटा फक्त एक तृतीयांश. म्हणून जाणती समिती आधी फलक विकते आणि मग खेळाडू शोधते. मुख्य पुरस्कर्ता पक्का होण्याआधी क्लबशी शंभर माणसांचा करार केला आणि सत्तरच आली, तर करारातली किमान रक्कम खिशातून भरावी लागते.

मलिगन नोंदणीच्या टेबलावरच, पैसे घेऊन आणि कार्डावर शिक्का मारून विकाव्यात. 'नंतर देतो' म्हणणाऱ्याकडून नंतर काही येत नाही.

एका टोल्यात बॉल थेट होलमध्ये घालणाऱ्याला मोटार, हे बक्षीस गर्दी खेचतं. ती मोटार समितीची नसते, तिच्यावर विमा उतरवलेला असतो. हप्ता ठरतो खेळाडूंची संख्या, बक्षिसाची किंमत आणि टीपासून होलपर्यंतचं अंतर यांवर. सगळी गोम अंतरात आहे. पॉलिसीत १६५ यार्ड लिहिलेत आणि सकाळी मैदानाच्या माणसाने गवत वाचवायला खुणेचे ठोकळे वीस यार्ड पुढे सरकवले, तर दावा फेटाळला जातो. म्हणून खेळ सुरू होण्याआधी अंतर मोजून खुणांसह फोटो काढायचा. न खेळणारा साक्षीदार दिवसभर तिथे बसवायचा (छत्री, पाणी आणि मध्ये बदली माणूस दिला नाही तर तो दोन तासांत उठून जातो). आणि त्या होलवर मलिगन चालणार नाही हे फलकावर मोठ्या अक्षरांत लिहायचं.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ते. काही समित्या सुरुवातीचा इशारा म्हणून तोफेचा बार काढतात. युद्ध पाहून आलेल्या माणसाच्या पाठीमागे न सांगता बार काढणं हा अडाणीपणा आहे. भोंगा पुरतो. पाय गमावलेल्यांसाठी फिरत्या आसनाची एकट्याची कार्ट मिळते, आसनावरूनच टोला मारता येतो. पण ती प्रत्येक क्लबकडे नसते, महिनाभर आधी मागवावी लागते. गोल्फच्या नियमांतही २०२३ पासून अपंग खेळाडूंसाठी स्वतंत्र नियम २५ आहे, त्याची प्रत नोंदणीच्या टेबलावर ठेवावी. आणि माजी सैनिकांची वेगळी टीम करून त्यांना मिरवू नये. प्रत्येक टीममध्ये एक जागा त्यांच्यासाठी राखून ती फी पुरस्कर्त्याकडून घ्यावी. पाच तास एकाच गाडीत बसलेली दोन माणसं आपसूक बोलू लागतात.

जेवणाच्या दालनात, दारापाशी, एक छोटं गोल टेबल मांडलेलं असतं. पांढरं कापड, एक लाल गुलाब, ताटलीत लिंबाची फोड आणि चिमूटभर मीठ, पालथा ग्लास, रिकामी खुर्ची. बेपत्ता आणि युद्धकैदी सैनिकांसाठी. लिंबू त्यांच्या कडू नशिबाचं, मीठ घरच्यांच्या अश्रूंचं. वाढपी मुलांना आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर एखादा पोरगा ग्लास सरळ करून त्यात पाणी ओततो.

कराच्या पावतीत सर्वाधिक गोंधळ होतो. १२५ डॉलर भरणाऱ्याला सगळ्या रकमेवर सूट मिळत नाही. खेळ आणि जेवण यांची बाजारातली किंमत वजा करून उरेल तेवढीच देणगी. क्लबने समितीला सवलत दिली म्हणून ती कमी धरता येत नाही. मोबदल्यासह दिलेली रक्कम ७५ डॉलरहून जास्त असेल तर हा हिशेब देणाऱ्याला लेखी कळवणं संस्थेवर बंधनकारक आहे. २५० किंवा अधिकच्या देणगीसाठी देणाऱ्याकडे लेखी पोच असावी लागते. सोडतीचं तिकीट देणगीत धरतच नाहीत. सोडतीचे नियम राज्यागणिक बदलतात. बऱ्याच ठिकाणी परवाना लागतो, यूटा आणि हवाईत तर जुगारावर सरसकट बंदी. सैनिकांच्या नावावर गंडवणारेही कमी नाहीत. २०१८ मध्ये फसवणुकीवर नजर ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने राज्यांना सोबत घेऊन अशा बोगस संस्थांविरुद्ध मोहीमच काढली होती. संस्थेचा जमाखर्च दाखवणारा वार्षिक फॉर्म ९९० सार्वजनिक असतो. तो वाचल्याशिवाय धनादेश फाडू नये.

कोल्हापुरात हे करायचं तर गोल्फच हवा असं काही नाही. पेठांतल्या तालमींचा फुटबॉल आहे, शाहू स्टेडियम आहे, आणि फौजी तर घरोघर. शिरोळ तालुक्यातली सैनिक टाकळी नावातच ते सांगते. बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र हाकेच्या अंतरावर. सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून ७ डिसेंबरला पाळला जातो आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय त्यासाठी निधी गोळा करतं, म्हणजे पैसा पोचवायचा रस्ताही तयार आहे. इथून उचलण्याजोगं ते सामन्याच्या प्रत्येक भागासाठी वेगळा पुरस्कर्ता घेणं आणि आधी फलक विकणं.

सोडत मात्र उचलू नका. विनापरवाना लॉटरी चालवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे. वस्तूंचा उघड लिलाव केलेला बरा. मंडळ नोंदणीकृत न्यास नसेल तर वर्गणीआधी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१क ची परवानगी काढायची, गणेशोत्सवाला काढतात तीच. देणगीदाराला प्राप्तिकराची सवलत हवी असेल तर दोन हजार रुपयांवरची रोकड घेऊ नका, कारण तिच्यावर ती मिळत नाही.

परदेशातून मदत घेताना आधी पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्या भाच्याची रक्कम, त्याच्याकडे ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं) कार्ड असलं तरी, परकीय ठरते. ती घ्यायला संस्थेची एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायदा) नोंदणी हवी आणि पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच यावा लागतो. नोंदणी नसेल तर भाच्याला सांगा, तिकडच्याच स्पर्धेत दोन होल घे.